मृगातली बॅच

चाकणच्या दिव्यांच्या पलीकडे दर हिवाळ्यात एक बॅच आकाशात येते. एकत्र जन्मलेले, जबरदस्त जळणारे आणि हळूहळू एकमेकांपासून पांगणारे तरुण तारे! फ्लॅट रिकामा करायच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौघं त्यांना भेटायला नाशिक हायवेला लागलो...

जानेवारीतली शनिवारची रात्र. अमावास्या अगदी तोंडावर. चाकणचा तळेगाव चौक. पावणेबारा वाजलेत आणि सेकंड शिफ्ट सुटलीय. कंपन्यांच्या बसेसची रांग, त्यांच्यामधून वाट काढणारे कंटेनर, कोपऱ्यावर अंडा-भुर्जीची गाडी. त्या सगळ्या गर्दीतून आमचा क्वालिटीवाला मित्र सेफ्टी शूजसकट धावत येतो आणि गाडीत बसता बसता म्हणतो, ‘चल बॉस, दाब!’

आम्ही चौघं. पाच वर्षं पिंपळे सौदागरच्या एका टू बीएचकेमध्ये एकत्र राहिलेलो. एक चाकणच्या प्लँटमध्ये क्वालिटीत, एक हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, एक डिझाइन इंजिनीअर आणि चौथा मी, शब्दांवर पोट भरणारा. महिनाअखेरीस अ‍ॅग्रीमेंट संपणार होतं आणि या वेळी कुणीच ‘रिन्यू करू या’ म्हणालं नव्हतं. हिंजवडीवाला ऑनसाइट जर्मनीला निघाला होता. क्वालिटीवाल्याचं लग्न ठरलं होतं, त्याने मोशीला घर बघितलं होतं. आणि डिझाइनवाला लातूरला, घरी परत.

डिझाइनवाल्याचं जरा सांगायला हवं. आमच्यातला सगळ्यात चमकणारा तोच. पाच वर्षांत तीन प्रमोशन्स! दर अप्रेझलला टॉप रेटिंग. रात्री दोनला मेल, सकाळी सातला कॉल. नोव्हेंबरात एका रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला, पण बीपीचा आकडा बघून डॉक्टरांनी विचारलं, ‘वय काय तुमचं?’ एकोणतीस. त्यानंतर महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. कुणाला काही बोलला नाही, फक्त गच्चीवर जास्त वेळ बसायला लागला.

आमच्या गच्चीवरून मोजून वीसेक तारे दिसतात. त्यातले तीन मात्र एका रेषेत आणि कधीच न चुकणारे. ‘हे तीन काय आहेत रे?’ असं त्याने एकदा विचारलं. मला तेव्हा एवढंच माहीत होतं, की ते मृग नक्षत्रात आहेत. मी थोडं वाचलं. मग बरंच वाचलं. आणि त्यातून निघाला हा प्लॅन.

तिकांडं आणि बिबट्या

राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव... जसजसं चाकण मागे पडतं, तसतशी मागच्या काचेतली पांढुरकी झाक विझत जाते. क्वालिटीवाल्याच्या मामांचं शेत नारायणगावच्या पुढे, आत. आम्ही पोहोचलो तेव्हा सव्वा वाजला होता आणि मामा जागेच होते. शेतीची लाइट रात्रीची, त्यामुळे मोटर चालू करायला उठलेले.

‘वर गच्चीत बसा पोरांनो. खाली काय उतरू नका, उसात बिबट्या हाये,’ मामांनी बजावलं. जुन्नर तालुक्यात ही वाक्यं विनोदानं घ्यायची नसतात. आम्ही गुपचूप गच्चीवर.

आणि मग... खरं सांगतो, दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. पिंपळे सौदागरच्या वीस ताऱ्यांचे इथे किती झाले, ते मोजणंच सोडून दिलं. पश्चिमेला अर्ध्या आकाशात मृग कलला होता. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे ती तीन ताऱ्यांची रेघ, आणि त्याच्या मागे झगझगीत व्याध. मृगाला मारलेला व्याधाचा बाण म्हणजे ते तीन तारे, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते.

मामांनी वर येऊन एक नजर टाकली. ‘तिकांडं हाये ते. आमचा म्हातारा त्याच्यावरनं मोटंची वेळ धरायचा.’ आणि गेले खाली पाणी बघायला.

बॅच कसली, बॉस?

आता मूळ मुद्दा. आकाशातल्या बहुतेक आकृत्या ‘फेक’ असतात. म्हणजे असं, की एक तारा जवळचा, दुसरा कुठल्या कुठे लांब, आपल्याला उगाच शेजारी दिसतात. मृगातल्या बऱ्याच ठळक ताऱ्यांचं मात्र खरंच एकमेकांशी नातं आहे. बाणाचे तारे आणि त्यांच्या आजूबाजूचे हजारो तरुण तारे वायू आणि धुळीच्या एकाच प्रचंड ढगातून, गेल्या साधारण सव्वा कोटी वर्षांत जन्माला आले. तारे मोजायच्या हिशेबात हे म्हणजे काल-परवाच. आपल्या सूर्याचं वय जवळपास ४६० कोटी वर्षं आहे!

शास्त्रज्ञ अशा समूहाला ‘ओबी असोसिएशन’ म्हणतात. ओ आणि बी हे ताऱ्यांचे सगळ्यात उष्ण, निळसर-पांढरे वर्ग. मराठीत आपण ‘तारकासंघ’ म्हणू या. मृगातला जो संघ आहे, त्याचं नाव ओरायन ओबी-वन. आपल्यापासून तो साधारण हजार ते पंधराशे प्रकाशवर्षं दूर.

संघ आणि गुच्छ यांत फरक आहे. कृत्तिकेसारखा गुच्छ घट्ट असतो. त्यातले तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणानं धरलेले असतात आणि कोट्यवधी वर्षं सोबत राहतात. संघ मात्र सैल. शेकडो प्रकाशवर्षांत पसरलेला. एकमेकांना धरून ठेवायला पुरेसं वजनच नाही. १९४७ मध्ये आर्मेनियाचे खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी या सैलपणावरून एक भन्नाट निष्कर्ष काढला. ते म्हणाले, इतके विरळ समूह आकाशगंगेच्या ओढाताणीत फार काळ टिकूच शकत नाहीत. तरीही ते दिसतायत, याचा अर्थ ते नुकतेच जन्मलेत! म्हणजे तारे जन्माला येणं हे कधीतरी एकदा होऊन संपलेलं काम नाही. ते आजही चालू आहे.

मी हे गच्चीवर सांगितलं, तेव्हा हिंजवडीवाला म्हणाला, ‘म्हणजे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट!’ सगळे हसले. मग एकदम गप्प झाले.

पॅकेज मोठं, आयुष्य छोटं

या संघातले बडे तारे म्हणजे एकदम हाय परफॉर्मर्स. बाणातला मधला तारा सूर्याच्या लाखो पट तेजानं जळतो. म्हणूनच तो इतक्या दुरून, चाकणच्या हॅलोजनमधूनही दिसतो.

पण हे तेज येतं कुठून? साधा हिशेब आहे. तारा जितका जड, तितका त्याच्या गाभ्यावरचा भार जास्त. भार जास्त म्हणजे तापमान जास्त, आणि तापमान वाढलं की हायड्रोजन जाळण्याचा वेग वेड्यासारखा वाढतो. सूर्याच्या २० पट वजनाच्या ताऱ्याकडे इंधन २० पट असतं, पण तो ते हजारो पट वेगानं उडवतो. सूर्याची एकूण आयुष्यमर्यादा साधारण १००० कोटी वर्षं. या २० पट वजनाच्या ताऱ्याची? एक कोटी वर्षंसुद्धा नाही.

मृगाच्या एका कोपऱ्यात तांबूस दिसणारा काक्षी तारा, इंग्रजी पुस्तकांतला बीटलज्यूस, आपल्याकडचं आर्द्रा नक्षत्र, हा याच परिसरात जन्मलेला असावा असं मानतात. वय जेमतेम कोटीच्या आसपास, आणि तो आत्ताच म्हातारा झालाय. २०१९ च्या शेवटी तो अचानक इतका फिका पडला, की जगभर चर्चा सुरू झाली. हा फुटणार की काय? २०२० च्या वसंतात तो पुन्हा सावरला. नंतर कळलं, की त्यानंच वायूचा मोठा लोट बाहेर टाकला होता, त्याची धूळ होऊन समोर पडदा आला. फुटणार तो नक्की. फक्त बहुधा आपल्या हयातीत नाही, पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी.

डिझाइनवाला बराच वेळ काक्षीकडे बघत होता. ‘म्हणजे फिकं पडलं म्हणजे संपलंच असं नाही,’ एवढंच म्हणाला.

आधी पिंपरी, मग चाकण

आता गंमत बघा. हे जड तारे नुसते जळत नाहीत, शेजाऱ्यांनाही स्वस्थ बसू देत नाहीत. त्यांच्यातून निघणारे अतिनील किरण आजूबाजूचा वायू तापवतात. त्यांचे वारे सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरच्या वेगानं सुटतात. मग एखादा तारा फुटतो आणि धक्क्याची लाट निघते. या सगळ्यानं संघाच्या मधली जागा रिकामी होत जाते आणि वायू कडेला ढकलला जातो. कडेला दाटी झाली, की तिथला ढग स्वतःच्याच वजनानं कोसळतो आणि नवे तारे पेटतात. म्हणजे जुन्या संघाच्या भोवती, कडेकडेनं, जड आणि कोवळ्या ताऱ्यांची दुसरी पिढी!

ही साखळीची कल्पना ब्रूस एल्मग्रीन आणि चार्ल्स लाडा यांनी १९७७ मध्ये मांडली. मला मात्र ती वाचताना आपला हायवेच आठवत होता. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. मग एमआयडीसी, मोठमोठे कारखाने, त्यांच्याभोवती सुट्या भागांची वर्कशॉप्स. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. जागा भरली, भाव चढले, आणि नवं काम कडेला सरकलं. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा प्लँट, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. आज पिंपरीतल्या जुन्या शेड्सच्या जागी टॉवर्स उभे राहतायत आणि पेटलेली भट्टी आहे ती चाकणला. आधी मधे, मग कडेला.

मृगात ही साखळी डोळ्यांनी बघता येते. ओरायन ओबी-वनचे चार भाग पाडलेत. बाणाच्या वायव्येला सगळ्यात जुना गट, वय कोटीच्या आसपास. बाणाचे तारे त्याहून तरुण. बाणाच्या शेजारी, तेव्हा आम्हाला डावीकडे दिसणाऱ्या, तीन फिकट ठिपक्यांच्या ओळीत त्यानंतरचा गट. आणि त्या ओळीतला मधला ठिपका, जो धूसर कापसासारखा दिसतो, तो सगळ्यात कोवळा. हाच मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ. त्याच्या पोटात ट्रॅपेझियम नावाची चार जड ताऱ्यांची चौकडी आहे. साधारण १३०० प्रकाशवर्षं दूर आणि वय जेमतेम दहा लाख वर्षांच्या आसपास. तो सगळा मेघ उजळवण्याचं काम मुख्यतः त्यांच्यातला एकच तारा करतो!

अर्थात, हिशेब इतका सरळ नाही. युरोपच्या ‘गाया’ दुर्बिणीनं २०१४ ते २०२५ दरम्यान दोनशे कोटींच्या आसपास ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजल्या. त्यातून दिसलं, की मृगातले गट एकमेकांत बरेच मिसळलेत, काही तर स्वतंत्रपणेच जन्मले असावेत. म्हणजे प्रत्येक नवी पिढी मागच्या पिढीनंच घडवली असं नाही. हेही आपल्याकडच्यासारखंच की!

खोडदचा कान

इथे तुम्ही विचाराल, की धुळीच्या ढगात गुरफटलेला कोवळा तारा दिसतो तरी कसा? डोळ्यांना नाहीच दिसत. त्याला ऐकावं लागतं. आणि त्यासाठी लागणारा जगातला एक मोठा कान आपल्याच हायवेवर आहे.

मामांच्या गच्चीवरून अंधारात एका डिशची काळी कड दिसते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. नारायणगावजवळ खोडदला तिचं केंद्र. एकूण ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ डिश मधल्या चौकात आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरातल्या गावागावांत. ऊस, टोमॅटो, द्राक्षं आणि मधेच एक डिश! प्रा. गोविंद स्वरूप यांनी हे स्वप्न बघितलं. डिशसाठी जड पत्र्याऐवजी तारांची हलकी जाळी वापरायची त्यांची युक्ती खर्च कमी करणारी आणि वारा आरपार जाऊ देणारी. दुर्बीण चालवते टीआयएफआरची एनसीआरए ही पुण्यातली संस्था. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ तिचा वेळ मागून घेतात.

जड तारा पेटला, की त्याचे अतिनील किरण आजूबाजूच्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळून वळताना रेडिओ लहरी सोडतात. धूळ प्रकाश अडवते, पण रेडिओ लहरी आरपार निघून येतात. त्या किती जोरात येतायत, यावरून आतला तारा किती जड, याचा अंदाज बांधता येतो. धुळीत लपलेले असे कितीतरी कोवळे जड तारे भारतीय शास्त्रज्ञांनी खोडदच्या कानानं शोधून अभ्यासलेत.

आणि याहून सही बातमी २०२१ ची. एनसीआरएच्या बर्णाली दास आणि प्रा. पूनम चंद्रा यांच्या टीमनं जीएमआरटी वापरून सूर्यापेक्षा उष्ण आणि कमालीच्या जोरदार चुंबकीय क्षेत्राचे आठ तारे शोधले, जे दीपगृहासारखी फिरती रेडिओ हाक देतात. हे आठ धरून तेव्हा असे फक्त १५ तारे माहीत होते आणि त्यातले ११ शोधले होते जीएमआरटीनं! जिची ही हाक जीएमआरटीनं टिपली, त्या ताऱ्यांच्या यादीत एचडी ३५२९८ आहे, जो मृगातल्या संघातला, आणि एचडी १४२९९० आहे, जो वृश्चिकातल्या संघातला. हा प्रकार दुर्मीळ वाटत होता तो आपण नीट ऐकलं नव्हतं म्हणून, असं या टीमचं म्हणणं.

नीट ऐकायचं तर शांतता हवी. जीएमआरटीच्या आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते यासाठी. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीवर आक्षेप आला, तोही या दुर्बिणीला होणाऱ्या त्रासावरूनच. आपल्याला ट्रेन हवी, रेंज हवी, चोवीस तास लाइट हवी. सगळं मान्य. पण लाखो वर्षं चाललेलं बोलणं ऐकू येणाऱ्या जगात फार थोड्या जागा आहेत, आणि त्यातली एक आपल्या ट्रॅफिक जॅमच्या पुढे तासाभरावर आहे, एवढं तरी आपल्याला माहीत हवं ना?

आम्ही चौघांनी फोन फ्लाइट मोडवर टाकले. डिझाइनवाल्याने तर आधीच टाकला होता.

ऑनसाइट गेलेले

संघातले तारे हळूहळू पांगतात, सेकंदाला काही थोडे किलोमीटर. पण काही जण एकदम सुसाट सुटतात. सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी आणि कपोत समूहातला म्यू कोलंबी हे दोन तारे बघा. एक मृगाच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. दोघंही सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगानं, बरोबर विरुद्ध दिशांना पळतायत. १९५४ मध्ये आद्रियान ब्लाऊ आणि विल्यम मॉर्गन यांनी त्यांची वाट उलटी काढली, तर दोघं मृगात येऊन भेटले! साधारण २५ लाख वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या फार जवळ आल्या असाव्यात. खेचाखेचीत जोड्या मोडल्या, दोघं भिरकावले गेले आणि मागे राहिलेल्या दोघांची नवी जोडी झाली. ती जोडी म्हणजे त्या फिकट ओळीतला आयोटा ओरायनिस. ती अजून तिथेच आहे.

हिंजवडीवाल्याने विचारलं, ‘गेलेल्यांचं काय होतं मग?’

चांगला प्रश्न होता. गेलेला तारा जिथे जातो, तिथे जळतच राहतो. आणि जड तारा असेल, तर फुटतोसुद्धा तिथेच. त्याच्या पोटात तयार झालेलं सगळं सामान, जन्मगावापासून शेकडो प्रकाशवर्षं दूर, नव्या ठिकाणी पसरतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बहुतांश अशाच जड ताऱ्यांच्या पोटात शिजलाय. त्यांनी तो इतक्या घाईनं जळून उडवून दिला नसता, तर आपण नसतो.

आणि ते सगळेच घाईनं जळणारे असते, तरी आपण नसतो. कारण पृथ्वीवर जीव उभा राहायला लागतात कोट्यवधी वर्षं, आणि तेवढा वेळ सांभाळून जळायला सूर्यासारखा मध्यम वजनाचा, सावकाश ताराच लागतो. सूर्यही बहुधा अशाच एका बॅचमधला. जुन्या उल्कांमध्ये शेजारच्या जड ताऱ्यांच्या राखेच्या खुणा सापडल्यात. ती बॅच केव्हाच पांगली. आज सूर्य एकटाच दिसतो, पण त्याच्या आत आणि आपल्या आत त्या बॅचमधलं सामान अजून आहे.

पहाटेची शिफ्ट

चार वाजायला आले. थंडी मी म्हणत होती. मामींनी चहा वर पाठवला. मृग पश्चिमेच्या डोंगराला टेकायला आला होता आणि त्याच वेळी पूर्वेला, उसाच्या फडावर, तीन तारे वर सरकत होते. अनुराधा. त्यांच्यामागोमाग थोड्या वेळानं तांबडी ज्येष्ठा. वृश्चिक!

आकाशातली शिफ्ट बदलत होती. एक बॅच बाहेर, एक आत. कारण अनुराधेचे तारे आणि ज्येष्ठा हीसुद्धा एक बॅचच आहे. वृश्चिक ते नरतुरंग अशा भल्यामोठ्या पट्ट्यात पसरलेला हा संघ आपल्याला सगळ्यात जवळचा, चारशे प्रकाशवर्षांच्या आसपास. आणि त्याचं आपल्याशी नातं थेट आहे.

२०२२ मध्ये कॅथरीन झुकर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की सूर्य ज्या भागातून जातोय तो साधारण हजार प्रकाशवर्षं रुंदीचा पोकळ बुडबुडा आहे. सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी याच बाजूचे तारे फुटायला लागले, एकामागून एक अंदाजे पंधरा, आणि त्यांनी वायू चहूकडे ढकलला. आज आपल्या आसपासचे सगळे कोवळे तारे या बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, कडेकडेनं जन्म घेतायत. आपण त्याच्या आत आहोत. जन्मापासून नाही. सूर्य साधारण ५० लाख वर्षांपूर्वी आत शिरला, आपण त्या बॅचच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नंतर राहायला आलेले भाडेकरू!

आणि त्यांची राख? तीही आहे. पॅसिफिक महासागराच्या तळावरच्या थरांत लोखंडाचा एक खास प्रकार सापडतो, लोह-६०. तो जड ताऱ्यांत बनतो आणि २६ लाख वर्षांत निम्मा होतो. म्हणजे पृथ्वीसोबत जन्मलेला लोह-६० कधीच संपून गेलेला असणार. जो सापडतो, तो नंतर वरून पडलेला. त्याचा एक थर दोन-तीन लाखांचा नाही, वीस-तीस लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो याच जवळच्या संघात फुटलेल्या ताऱ्याचा असावा असा अंदाज आहे. अंटार्क्टिकाच्या ताज्या बर्फातही तो सापडलाय. ती धूळ अजूनही पडतेय. अगदी थोडी, पण पडतेय.

डिझाइनवाल्याने गच्चीच्या कठड्यावरून हात फिरवला आणि तळहाताकडे बघितलं. काहीच दिसलं नाही, अर्थात.

उजाडताना आम्ही निघालो. नारायणगावला मसाला दूध प्यायलो. चाकणला पोहोचलो तेव्हा फर्स्ट शिफ्टच्या बसेस गेटांतून आत वळत होत्या. प्रत्येक खिडकीत एक चेहरा. बावीस-तेवीसची पोरं, गळ्यात नवी आय कार्ड्स, कानात इअरफोन. कुणी बीडहून आलेला, कुणी जळगावहून. एका रूममध्ये चौघं-पाच जण राहत असणार. गच्चीवरून त्यांनाही तिकांडं दिसत असणार.

महिनाअखेरीस फ्लॅट रिकामा झाला. गॅसचं डिपॉझिट चार भागांत वाटलं. फ्रिज क्वालिटीवाल्याला, शेगडी मला. लातूरला गेलेला डिझाइनवाला हल्ली रात्री दहाला झोपतो म्हणे. परवा त्याचा मेसेज आला, पावणेदहाला: ‘इथून साठ-सत्तर तारे दिसतात. बाण एकदम क्लिअर.’

मी गच्चीवर गेलो. धूसर होता, पण होता.

तुम्हीही जा!

• कधी? डिसेंबर ते मार्च, अमावास्येच्या आसपासचा शनिवार. डिसेंबर-जानेवारीत मृग रात्री दहा ते बाराच्या दरम्यान डोक्यावर असतो. जूनमध्ये ‘मृग निघाला’ म्हणतात, तेव्हा सूर्यच मृगात असतो, त्यामुळे तो रात्री दिसत नाही. तेव्हा बघा वृश्चिक, उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याआधीच्या रात्रींचा राजा.

• कुठे? चाकणपासून जितकं लांब, तितकं छान. मात्र जुन्नर-आंबेगाव भागात रात्री उघड्या शेतात थांबू नका. ओळखीच्यांची गच्ची बेस्ट. बिबट्याचा विषय तिथे खरा आहे.

• सोबत काय? साधी दुर्बीण असेल तर झक्कास, मृगातला कापूस लगेच दिसतो. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ फोन बघू नका. हेच सगळ्यात अवघड!

• कुणासोबत? पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शन घडवतेय. चिंचवडचं सायन्स पार्क घराजवळच आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला जीएमआरटी आणि पुण्यात आयुका सामान्य लोकांसाठी दारं उघडतात. निघण्याआधी तारीख तपासून घ्या.

• आणि हो, रूममेट्सना न्यायला विसरू नका. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचंच असतं.